वंशावळीत एक गोल जास्त

तुमच्या आतेबहिणीचे डोळे तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर पाहिले आहेत, पण फोनमध्ये ते नीट कळत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. आपल्या डोळ्याच्या मध्यभागी जी काळी बाहुली असते ती गोल असते. तिची वर गोल आणि खाली निमुळती होत गेलेली आहे, जुन्या कुलपाचं भोक असतं तशी. दोन्ही डोळ्यांत तसंच, आणि जन्मापासून. ती आता पाच वर्षांची आहे. पडेगावला राहते, जाड भिंगांचा चष्मा लावते, उन्हात टोपीशिवाय बाहेर पडत नाही आणि वर्गात पहिल्या बाकावर बसते. तुझे डोळे असे कसे, असं कुणी विचारलं की सांगते, "माझे असेच आलेत." तिला हे उत्तर पुरतं. आम्हा मोठ्यांना पुरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तुमची आत्या, म्हणजे माझी मुलगी, भर दुपारी माझ्याकडे आली. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाली, "आई, मला दुसरं मूल हवंय. पण त्याचेही डोळे असेच येतील का, हे कुणी धड सांगत नाही. ते कळल्याशिवाय मी पुढं जाणार नाही." चष्म्याची तिला भीती नव्हती. पण मुलीच्या उजव्या डोळ्यात ती फट आत पार पडद्यापर्यंत गेलेली आहे, त्या डोळ्यानं तिला फारसं दिसत नाही. डावा चांगला आहे म्हणून निभावतं. पुढच्या बाळाचे दोन्ही डोळे उजव्यासारखे आले तर, हा प्रश्न तिला झोपू देत नव्हता.

धड कुणी सांगत नव्हतं हे खरं, पण सांगणारे पुष्कळ होते. त्यात पहिल्या क्रमांकावर माझी नणंद.

इथं आपल्या घरातली एक गाठ तुम्हाला सोडवून दाखवायला हवी. तुमच्या आत्याची सासू ही तिची स्वतःची आत्या आहे. तुमच्या आजोबांची सख्खी धाकटी बहीण, लासूर स्टेशनला दिलेली. तिचा मुलगा आमचा जावई. म्हणजे त्यानं आपल्या मामाच्या मुलीशी लग्न केलं. हे वाचून तुमच्या तिकडच्या मित्रांचे डोळे पांढरे होतील, पण आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क असं लोक अजून म्हणतात. आमच्या घरी हक्काची भाषा कुणी केली नाही. दोघांचं उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्येच जमलं होतं, आम्हाला फक्त कळवण्यात आलं. तेव्हा माझी नणंद माझी विहीणही आहे, आणि ही दोन्ही नाती ती एकाच वेळी निभावते.

मी तिला वन्सं म्हणते. वन्संचं म्हणणं असं की दोष वेरूळचा. "पहिल्याच महिन्यात ही पोरगी भर उन्हात लेण्या चढत-उतरत फिरली. मी तवाच म्हणलं होतं, नको जाऊ."

"वन्सं, लेणी बघून बाळाच्या डोळ्याला काही होत असतं तर तिथल्या गाईड लोकांच्या घरी काय झालं असतं?"

"मग तुमच्या माहेराकडून आलं असंल, वहिनी. आमच्यात नाय बाई असं कुणाचं."

"माझ्या माहेरी सगळ्यांच्या बाहुल्या गोल आहेत. या नांदेडला, दाखवते एकेक."

एवढ्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सणावारालासुद्धा निरोप आजोबांकडे यायचे.

शेवटी आम्ही डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे गेलो. जन्मजात आणि आनुवंशिक दोषांचंच काम त्या करतात. तुमच्या बाबांपेक्षा वयानं लहान, पण समजावून सांगण्याची हातोटी अशी की मला माझ्या कॉलेजातल्या चांगल्या प्राध्यापिका आठवल्या. त्यांनी सांगितलं की याला कोलोबोमा म्हणतात. पोटात बाळाचा डोळा आधी एखाद्या वाटीसारखा तयार होतो आणि त्या वाटीला खालून एक चीर असते. दुसऱ्या महिन्यात ती चीर मिटते, शिवण घालावी तशी. कधी काही टाके राहून जातात. बुबुळापुरते राहिले तर बाहुली नुसती लांबट दिसते, आत पडद्यापर्यंत राहिले तर नजरही कमी होते. हे सगळं होतं तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं.

"म्हणजे वेरूळ?" तुमच्या आत्यानं विचारलं.

"वेरूळला खुशाल जा," डॉक्टर म्हणाल्या. "लेण्यांनी टाके उसवत नाहीत."

मग मुद्द्याची गोष्ट. ते टाके कसे घालायचे याच्या सूचना जनुकांत असतात आणि प्रत्येक सूचनेच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. काही सूचनांचं असं असतं की एक प्रत चुकीची असली तरी दुसरी काम भागवते. मग दोन्ही प्रती चुकीच्या आल्या तरच दोष दिसतो, आणि आईवडील दोघांकडे एकेक चुकीची प्रत असेल तर प्रत्येक बाळाला तो धोका चारात एक. काही सूचनांत मात्र एकच चुकीची प्रत पुरते, तेव्हा धोका दोनात एक, आणि अशा घरांत कधीकधी ती प्रत असूनही एखाद्याचे डोळे साफ चांगले निघतात. "यातलं तुमच्या घरी कोणतं, त्याचा मला वंशावळ बघून अंदाज येईल. रक्त तपासायला पाठवते, पण तो रिपोर्ट वाचायलाही वंशावळ लागते. डोळ्यांचं काही वेगळेपण असलेलं घराण्यात कोण होतं, सगळं काढा."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली बाई. कुणी मला यादी करा म्हटलं की मला बरं वाटतं. घरी येऊन मी मोठा ड्रॉइंगचा कागद आणला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, दोष असलेल्याचा चौकोन किंवा गोल काळा भरायचा, ही डॉक्टरांची पद्धत. शिवाय एका वहीत मी स्वतःचे रकाने आखले: नाव, नातं, डोळे कसे, नजर कशी, हयात की नाही. आजोबांना खुर्चीत बसवलं आणि एकेक माणूस विचारत गेले. तुम्हाला तुमचे आजोबा माहीत आहेत. विचारलं तेवढंच सांगतात, वर एक शब्द नाही.

त्यांच्या आजोबांच्या भावंडांपाशी आल्यावर मात्र ते थांबले. म्हणाले, "त्यांची एक बहीण होती. मी लहान असताना यायची. बाहुल्या लांबट होत्या तिच्या. आम्ही पोरं घाबरायचो." मी उडालेच. इतकी वर्षं हा माणूस नातीचे डोळे पाहतो आहे आणि ही बहीण त्याला आता आठवते! मी तिचं नाव लिहिलं, गोल काढला, काळा भरला.

मग लासूरची बाजू. मी एकटीच गाडीनं गेले. वन्संनी दारात पाण्याचा तांब्या ठेवला, चहा दिला आणि एक शब्द न बोलता आत निघून गेल्या. मला माहिती हवी होती ती त्यांच्या थोरल्या दिरांकडून. ते ऐंशीच्या पुढचे, बाजेवर बसून असतात, आठवण मात्र टवटवीत.

"आमच्या आजीचे डोळे व्हते की तसे," ते म्हणाले. "मांजरीवाणी बाहुली. उन्हात निघाली की पदर पार नाकापर्यंत. पर सुईत दोरा एका झटक्यात ओवायची, लई बारीक नजर."

त्यांनी आजीचं नाव सांगितलं. मी ते लिहिलं, दुसरा गोल काढला, काळा भरला. परतीच्या गाडीत मी फार खूश होते. दोन्ही घरांतली एकेक बाई मी शोधून काढली होती.

डॉक्टरांनी कागद उलगडला तेव्हा आधी कौतुक केलं. मग त्यांनी त्या दोन काळ्या गोलांना पेन्सिलीनं खूण केली. "इतकी विरळ गोष्ट, आणि दोन वेगळ्या घरांत दोन वेगळ्या बायका," त्या म्हणाल्या. "मधल्या पिढ्या स्वच्छ. आईवडील आतेमामे भावंडं आहेत हे माझ्या लक्षात आहे, तरी एकच प्रत पुरणारा प्रकार, लपतछपत आलेला, हे नाकारता येत नाही. रिपोर्ट येईपर्यंत मी नक्की काहीच म्हणणार नाही, पण दोनात एक धरून चालावं लागेल."

नक्की नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तुमच्या आत्यानं ऐकलं ते फक्त "दोनात एक". रिक्षात ती म्हणाली, "नाणं उडवून मूल आणायचं नाही मला." त्याच आठवड्यात तिनं मुलीचे तान्हेपणीचे सगळे कपडे, लंगोट, दुपटी, टोपडी, शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकले. मला हे शेजारणीकडून कळलं. आणि मी माझ्या नीटस कागदाकडे पाहत बसलेली.

मग संक्रांत आली. अबोला कितीही पक्का असला तरी संक्रांतीला भावाच्या घरी गेलं नाही तर लासूरच्या बायका काय म्हणतील, म्हणून वन्सं आल्या. तिळाच्या वड्यांचा डबा माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. तिथं तो कागद पसरलेला होता. मी रोज तो काढून पाहायचे आणि काही सापडत नाही म्हणून पुन्हा गुंडाळायचे.

वन्संनी डबा बाजूला सरकवला. चष्मा लावला. बोट ठेवून वाचू लागल्या. आपली नावं सापडली तेव्हा जरा खूश झाल्या. मग बोट वर गेलं आणि थांबलं.

"दादा," त्या आजोबांना म्हणाल्या, कारण माझ्याशी बोलायचं नव्हतं, "हितं ही बाई दोनदा का काढली?"

"कोणती बाई?" मी विचारलं.

"दादा, वहिनींना सांग, ही आन् ही एकच हाय."

"वन्सं, ही आपल्या घरची, यांच्या आजोबांची बहीण. आणि ही लासूरची, तुमच्या दिरांची आजी. नावंसुद्धा वेगळी आहेत."

आता त्यांना अबोला धरवेना. "अवं वहिनी, नाव लग्नात बदललं की तिचं! तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहितात ते काय नुसतं दिसायला? हे माहेरचं, हे सासरचं. आपल्या आजोबांची बहीण लासूरला दिली, ती माझी आजेसासू. म्हणून तर जुनं नातं म्हणून मला त्या घरात दिली. म्या तिला पाहिली नाय, माझ्या लग्नाआधीच गेली. पर एक बाई दोनदा कशी मेली, ते तुम्हीच सांगा."

मी कागद पुन्हा जवळ ओढला. आमच्याकडच्या गोलाला नवरा नव्हता. लासूरच्या गोलाला आईवडील नव्हते. दोन्ही गोलांची एकेक बाजू उघडी होती आणि ती मला रोज दिसत होती. ग्रंथालयात एका लेखकाची दोन नावं असली तर दोन्ही नावांची कार्डं करून एकीकडून दुसरीकडे 'पाहा' असं लिहायचं, हे मी किती मुलींना शिकवलं असेल. माझ्या बी.ए.च्या सर्टिफिकेटावर मी एक बाई आहे आणि रेशनकार्डावर दुसरी. तरी माझ्या वहीत 'माहेर कुठलं, दिली कुठं' हा रकानाच नव्हता.

मी आजोबांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"ती लासूरला दिली होती? हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू डोळ्यांचं विचारलंस. मी डोळ्यांचं सांगितलं."

वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी माझ्या हातून घेतलं, आणि अबोला तिथं संपला. मग आम्ही दोघींनी मिळून नवा कागद केला. मी रेघा मारायच्या आणि वन्संनी सांगायचं, कोण कुठून आली आणि कुठं गेली. घराण्यातली प्रत्येक बाई त्यांना दोन्ही नावांनिशी पाठ होती. एकदा तर माझ्या हातातली पेन्सिल काढून घेऊन त्यांनीच गोल काढला. "तुमच्या हातचा भरवसा नाय आता."

नव्या कागदावर वरती एकच काळा गोल होता, आणि त्याच्यापासून तुमच्या आतेबहिणीपर्यंत रेघा दोन्हीकडून येत होत्या. एक तिच्या वडिलांच्या वडिलांकडून, लासूरहून. दुसरी त्या बाईच्या भावाकडून, म्हणजे आमच्या घराकडून, आणि ती पुढं आजोबा आणि वन्सं या दोघांत फुटलेली.

डॉक्टरांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे वेगळं चित्र आहे," त्या म्हणाल्या. "एकच उगम, आणि बाळापर्यंत दोन्ही बाजूंनी वाट. आता मला दोन प्रतींचा प्रकार जास्त वाटतो. तसं असेल तर चारात एक."

वन्सं या खेपेला सोबत आल्या होत्या. त्यांनी लगेच हिशोब मांडला. "मग झालंच की. चारातली एक आमच्याकडं आली. आता पुढची तीन बिनघोर."

"आजी, तसं नसतं," डॉक्टर हसून म्हणाल्या. "प्रत्येक बाळाच्या वेळी चिठ्ठ्या नव्यानं टाकायच्या. आधी काय निघालं ते चिठ्ठ्यांना आठवत नाही."

"ही कसली रीत?" वन्सं म्हणाल्या. पण तुमची आत्या पहिल्यांदाच हसली.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. एका जनुकात एक बदल सापडला होता, मुलीच्या दोन्ही प्रतींत, आईच्या एकीत, वडिलांच्या एकीत. तो बदल आधी फारसा कुठं नोंदलेला नव्हता, म्हणून नुसत्या रिपोर्टवर विसंबता आलं नसतं. वंशावळ त्याच्याशी तंतोतंत जुळत होती, म्हणून डॉक्टरांनी तो मानला. नंतर आजोबा आणि वन्सं यांचंही रक्त तपासलं. दोघांतही एकेक प्रत. म्हणजे माझं माहेर सुटलं. मी ते वन्संना सांगायच्या बेतात होते, पण त्याच आधी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वहिनी, बोलू नका. कळलं."

तुमच्या बाबांनीही तिकडं नमुना दिला आणि त्यांच्यातही एक प्रत निघाली. म्हणजे ती तुम्हा दोघांत असेल किंवा नसेल, प्रत्येकाची शक्यता निम्मी. तिचा तुमच्या डोळ्यांना काहीही त्रास नाही. मोठे झालात आणि स्वतःची मुलं हवीशी वाटली की डॉक्टरांना एवढं सांगायचं आणि हा कागद दाखवायचा. त्याची नक्कल मी दोघांनाही वेगवेगळी पाठवते आहे, कारण एकच पाठवली तर तुम्ही भांडाल. प्रत्येक बाईपाशी दोन्ही नावं लिहिली आहेत.

तुमच्या आत्यानं मात्र लगेच काही ठरवलं नाही. महिना गेला. मग एका रविवारी मी पडेगावला गेले होते. मुलगी अंगणात जमिनीवर पोटावर झोपून मुंग्यांची रांग पाहत होती, नाक जवळजवळ मातीला टेकलेलं. प्रत्येक मुंगीनं काय उचललंय ते ती मोठ्यानं सांगत होती. मला उभ्यानं ती रांगसुद्धा दिसत नव्हती.

"आई," तुमची आत्या तिच्याकडे पाहत म्हणाली, "मी चारातल्या त्या एकाला कधीच घाबरले नव्हते गं. काय येणार आहे आणि का, तेच कुणी सांगत नव्हतं, त्याला घाबरले होते. आता माहीत आहे. आला तसा डोळा, तर पहिल्या महिन्यात डॉक्टर, पहिल्या वर्षात चष्मा. हिच्या वेळी आपल्याला दोन वर्षं समजलंच नव्हतं की उजव्यानं दिसत नाही."

"आणि दोन्ही डोळे उजव्यासारखे आले तर?"

"तर तेही लवकर कळेल," ती म्हणाली. "मला मूल हवंय, आई. मी विचार करून सांगतेय."

आता तिला सहावा महिना आहे. पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासलं की आधीच सांगता येतं, असं डॉक्टरांनी दोघांना समजावलं. दोघांनी विचार केला आणि नको म्हणाले. काहीही निघालं तरी बाळ हवंच आहे, तर सुई कशाला, असं जावयाचं म्हणणं. त्याऐवजी तुमच्या आत्यानं डॉक्टरांकडून आत्ताच वेळ मागून घेतली आहे. बाळ झालं की पंधरा दिवसांच्या आत डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा तपासायचा. त्या दिवशी तिच्यासोबत कोण जाणार यावर गेल्या आठवड्यात माझी आणि वन्संची चांगलीच जुंपली.

"मी जाते," मी म्हणाले. "डॉक्टर काय सांगतात ते सगळं मी लिहून घेते."

"तुम्ही लिहाल आन् एकाची दोन बाळं कराल," वन्सं म्हणाल्या. "म्या धरते बाळाला. माझ्या हातात पोर रडत नाय."

तुमची आत्या मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही दोघीही बाहेर बसा. बाळाला मी धरणार. जे काय असेल ते आधी मला बघायचंय."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"बरं बाई," वन्सं म्हणाल्या. "पर दार उघडं ठेव."